खंडेनवमीची शांतता

श्रीनिवास खांबेटे यांच्या नावावर या जगात दोनच गोष्टी होत्या. एक, शनिवार पेठेतल्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि दुसरी, १.३७ हा आकडा. फ्लॅटमध्ये बायकोचा अर्धा वाटा होता. आकडा मात्र सबंध त्यांचा होता. कंपनीतली माणसं त्याला ‘खांबेटे गुणांक’ म्हणत, आणि कुणी तसं म्हटलं की खांबेटे मान खाली घालून चष्मा पुसत. लोकांना तो विनय वाटे. तो विनय नव्हता. चेहऱ्यावरचा आनंद लपवायला चष्म्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही, एवढंच.

साठीला टेकलेल्या माणसाने एका आकड्यावर इतका जीव लावावा का, हा प्रश्न त्यांनाही पडे. मग ते स्वतःची समजूत घालत, की काही लोक पोपट पाळतात.

त्यांचं काम काय, हे सांगणं अवघड होतं. तेहतीस वर्षं सांगून सांगून त्यांनी त्याचं एक छोटं भाषणच बसवलं होतं. विमानाच्या इंजिनात पुढे एक मोठा पंखा असतो. त्याच्या पात्यांमागे हवा विस्कटते, तिच्यात लहानमोठे भोवरे पडतात, आणि ते भोवरे मागच्या स्थिर पात्यांच्या रांगेवर जाऊन आपटतात. त्यातून दोन तऱ्हेचे आवाज निघतात. एक शीळ. तिला ठरलेला सूर असतो, आणि पात्यांची संख्या विचार करून निवडली की ती बरीचशी दाबता येते. दुसरा नुसता सोंसाट. त्याला सूर नाही, कारण त्यात सगळेच सूर आहेत. सकाळी मंडईबाहेर उभं राहिलं की जो एक गलका कानावर येतो, त्यात मेथीवाली कोणती आणि लिंबूवाला कोणता हे जसं सांगता येत नाही, तसं. शीळ दाबून झाली की उरतो तो हा सोंसाट. इंजिन बनायच्या आधीच तो किती होईल हे गणिताने सांगणं, हा खांबेट्यांचा धंदा. एकेका भोवऱ्याच्या मागे लागून भागत नाही. भोवरे सरासरी केवढे, किती जोराचे, एवढं धरायचं आणि पुढे चालायचं.

भाषण इथवर आलं की ऐकणारा विचारी, “मग आमच्या चौकातल्या डीजेचं काही होईल का हो?”

विमाननगरला राहणारी मेव्हणी तर सणासुदीला भेटली की तक्रार घेऊनच बसे. “भावोजी, काल पहाटे तुमचं विमान पुन्हा आमच्या डोक्यावरून गेलं.” जणू खांबेट्यांनीच ते सोडलं होतं. एकदा सोसायटीच्या पाण्याच्या पंपाने फार आवाज धरला, तेव्हा चेअरमन मोठ्या आशेने त्यांच्याकडे आले. खांबेट्यांनी आठवडाभर विचार करून चार पानी टिपण दिलं. प्लंबरने पंपाखाली जुन्या टायरचा तुकडा सारला आणि आवाज थांबला.

“टिपण अगदीच वाया नाही गेलं,” त्यांची बायको हेमा म्हणाली. ती एका शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. “टायर डगडगत होता. त्याने चार पानांची घडी करून खाली घातली.”

त्यांच्या कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. खांबेट्यांच्या नोकरीत तिने ते तीनदा बदललं. परदेशातल्या इंजिनवाल्यांना आकडेमोड करून देणं हे तिचं काम. ऑफिस सेनापती बापट रस्त्यावर, आणि प्रयोगाची शेड धायरीच्या पुढे, खडकवासल्याच्या बाजूला. शेडमध्ये एका दालनाच्या भिंतींना आतून स्पंजाचे सुळके लावलेले, मध्ये हातभर रुंदीचा एक पंखा, भोवती मायक्रोफोन. पंखा फिरवणारी मोटार भिंतीपलीकडच्या खोलीत. हे सगळं सांभाळायचे मच्छिंद्र पोकळे. शेड जिथे उभी होती तिथे पूर्वी त्यांचंच वांग्याचं वावर होतं. जमीन विकताना त्यांच्या वडिलांनी नोकरीची अट घातली होती. मच्छिंद्र पंखा चालवत आणि एका जाड वहीत प्रत्येक वेळची नोंद करत. वहीतले आकडे कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवी, मायक्रोफोनच्या फायली त्यांना जोडल्या जात, आणि ते सगळं खांबेट्यांच्या टेबलावर येई. हवा, वंगण आणि माणसं यांपैकी काहीही त्या फायलींना चिकटून येत नसे, आणि खांबेट्यांना ते फार आवडे.

ते स्वतः शेडवर वर्षातून एकदा जात. खंडेनवमीला. त्या दिवशी मोटारीला झेंडूची माळ, पंख्याला हळदकुंकू, आणि मायक्रोफोनला नकळत लागलेलं थोडं कुंकू. पेढे वाटले जात. यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, असा मच्छिंद्रांचा दंडक होता, आणि तो मोडायची कंपनीच्या कुठल्याही साहेबाची हिंमत नव्हती. सकाळीच ते मेन स्विच पाडत. आजूबाजूची वर्कशॉपं त्या दिवशी बंद असत.

शेड सुरू झाली त्या पहिल्याच वर्षी खांबेट्यांना एक कल्पना सुचली होती, आणि ती सुचल्याबद्दल त्यांना बरीच वर्षं स्वतःचा अभिमान होता. आवाज मोजायचा तर आधी शांतता मोजावी लागते. पंखा नसताना जेवढा आवाज असतो तेवढा वजा करायचा, म्हणजे उरतो तो निव्वळ पंख्याचा. रोजच्या दिवशी शेजारी कुणी पत्रा कापतंय, कुणी ट्रक मागे घेतंय. पण खंडेनवमीला? वर्षातली सगळ्यांत शुद्ध शांतता. मग पूजा झाली, पेढा खाल्ला, की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि बॅटरीवरच्या यंत्राने दहा मिनिटं ती शांतता टिपून घ्यायची. अशी अकरा वर्षं.

गुणांकाचा जन्म २००८ चा. खांबेट्यांचं गणित तयार झालं, पण शेडमधला आवाज गणितापेक्षा जास्त येई. खालच्या पट्टीत, म्हणजे घोगऱ्या सुरांत, जास्त, आणि पंखा हळू फिरत असताना तर अधिकच. सहा महिने ते डोकं धरून बसले. मग एके दिवशी त्यांनी गणितातले भोवरे मोठे करून पाहिले. १.३७ पट. वेग कमी असेल तर आणखी थोडे, त्याचाही एक नियम केला. गणिताची आणि मोजमापाची अशा दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या की त्यांनी ऑफिसातल्या शिपायालाही बोलावून दाखवल्या. भोवरे मोठे का, यावर मग त्यांनी नऊ पानी निबंध लिहिला. कारणं मिळाली. उत्तर आधी हातात असलं की कारणं जुडीने मिळतात.

आणि आता २०१९ चा फेब्रुवारी चालू होता. मार्चअखेर खांबेटे निवृत्त होणार होते. विभागप्रमुख सुहासिनी मॅडमनी ठरवलं होतं की जाण्याआधी त्यांचं सगळं गणित एका हस्तपुस्तिकेत बांधून ठेवायचं. बारा मार्चला ती पुस्तिका परदेशी इंजिनवाल्यांना सादर होणार होती, आणि तिच्या भरवशावर ते आपल्या नव्या इंजिनात स्थिर पाती किती ठेवायची ते ठरवणार होते. पुढे ते सगळं नीरजा काळभोरने सांभाळायचं. ही लोणी काळभोरची मुलगी, दोन वर्षांपूर्वी लागलेली, आणि काही विचारण्याआधी ‘सर, एक विचारू?’ असं विचारणारी.

मध्ये एकच खडा होता. परदेशी मंडळींनी त्यांच्याकडच्या मोठ्या पंख्याची मोजमापं पाठवली होती, आणि तिथे खालच्या पट्टीत खांबेट्यांचं गणित जास्त आवाज सांगत होतं. खांबेट्यांनी त्यांना एक सभ्य पत्र लिहिलं, की कृपया आपली उपकरणं तपासून घ्यावीत.

“सर, एक विचारू?”

“विचारा.”

“गुणांक काढून टाकला तर तुमच्या फॉर्म्युल्यापेक्षा आपल्या शेडमधला आवाज जास्त येतो ना, ते जास्तीचं मी वेगळं काढलं. सगळ्या स्पीडला. ते सेम आहे.”

“सेम म्हणजे?”

“म्हणजे पंखा हळू फिरवा, फास्ट फिरवा, ते हलतच नाही. पंख्याचं असतं तर...”

“तर वाढलं असतं,” खांबेटे म्हणाले. वेग दुप्पट झाला की हा आवाज तीसेक पट होतो, हे त्यांनी कंपनीत आलेल्या पंधरा तुकड्यांना शिकवलं होतं. जे वेगाबरोबर बदलत नाही ते पंख्याचं नव्हे. शाळकरी गोष्ट होती. ती अकरा वर्षं त्यांच्या समोर बसून होती आणि त्यांनी तिच्याभोवती एक नियम विणला होता.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. या वेळी खरंच काही दिसत नव्हतं.

“शेडवर जाऊन यायचं का, सर?”

“आत्ता? फेब्रुवारीत?” खांबेटे म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नीरजाच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. डोक्यावर तिच्या भावाचं हेल्मेट, छातीशी फाईल. सिंहगड रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला त्यांचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटत होतं. विस्कटलेली हवा, मागचं स्थिर पातं, ठक्. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला प्रत्यक्ष अनुभव मिळतोय, असं खांबेट्यांना वाटलं.

मच्छिंद्र शेडच्या दारात उभे होते. त्यांनी खांबेट्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “सायेब? आज काय खंडेनवमी हाय व्हय?”

“नाही. जरा मोटार चालवून दाखवा. पंखा सोडवून. नुसती मोटार.”

मच्छिंद्रांनी पान्याने जोड सोडवला, दोघांना आत ठेवून दालनाचं दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. पंखा जागचा हलला नाही. आणि तरीही त्या सुळक्यांच्या दालनात, जिथे स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यावी, तिथे मायक्रोफोनच्या मागून एक घोगरा, एकसुरी आवाज येत होता. घरी पूर्वी पितळी स्टोव्ह फरफरायचा तसा. नीरजाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर उमटलेली रेषा खांबेट्यांनी लांबूनच ओळखली. तो त्यांचा गुणांकच होता. चालत्याबोलत्या स्वरूपात त्याला ते पहिल्यांदाच भेटत होते.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, “पोकळे, हा कशाचा आवाज?”

“ह्यो? मोटारीचा मागला पंखा. मोटार तापू नये म्हणून बशिवल्याला असतो.”

“तो कधी लागतो?”

“मोटार चालू झाली की आपसुक. मोटार हळू चालवा, जोरात चालवा, त्यो आपला एकाच चालीनं.”

“आणि खंडेनवमीला?”

“खंडेनवमीला कशापायी लागंल, सायेब? मेन स्विच म्याच पाडतो की.”

खांबेटे तेलाच्या एका पालथ्या डब्यावर बसले. अकरा वर्षं त्यांनी जी शांतता वजा केली ती देवपूजेच्या दिवशीची होती. कामाच्या दिवशीची कधी मोजलीच नव्हती.

“पोकळे, तुम्ही हे कधी सांगितलं कसं नाहीत?”

मच्छिंद्रांचा चेहरा एकदम ताठ झाला. ते आत गेले आणि वही घेऊन आले. एक नव्हे, सात. “सांगितलं न्हाई म्हंजे? लिवून ठिवलंय.”

प्रत्येक पानाच्या उजव्या टोकाला ‘शेरा’ म्हणून एक रकाना होता. २००८, पहिलंच पान: ‘मागला पंखा लई वरडतो. वायरीच्या भोकातून आवाज आत येतो.’ पुढच्या पानावर: ‘वरीलप्रमाणे.’ आणि मग वर्षानुवर्षं ‘वरीलप्रमाणे’, ‘वरीलप्रमाणे’. आकडे कॉम्प्युटरवर चढले होते. शेरा चढला नव्हता, कारण खांबेट्यांनी आखून दिलेल्या तक्त्यात शेऱ्याला जागा नव्हती.

नीरजा पानं उलटत होती. “सर, हे बघा. ऑगस्ट २०१२. ‘भोक गोणपाटाने बुजवले.’”

“त्या सालाला पाऊस लई, भोकातून वल आत यायची,” मच्छिंद्र म्हणाले. “म्हनलं, आवाज बी थांबंल. पर आठवड्यानं तुमचा निरोप आला.”

निरोप खांबेट्यांना आठवला. त्या आठवड्यातले आकडे इतके कमी आले होते की त्यांनी ठणकावून कळवलं होतं: मायक्रोफोन नादुरुस्त दिसतात, काही बदल केला असल्यास सर्व पूर्ववत करावं. वहीतला पुढचा शेरा होता, ‘साहेबांच्या सांगण्यावरून गोणपाट काढले.’

त्या आठवड्याची फाईल खांबेट्यांनी फेकली नव्हती. ते काहीच फेकत नसत. ‘खराब’ नावाच्या फोल्डरमध्ये ती सात वर्षं पडून होती. नीरजाने ती तिथेच उघडली आणि शेजारी गुणांकाशिवायचं, २००८ सालचं मूळ गणित मांडलं. वरच्या पट्टीच्या टोकाला थोडा फरक सोडला तर दोन्ही रेषा बरोबरीने चालल्या होत्या.

म्हणजे गणित पहिल्यापासून बरोबर होतं. त्याला बिघडवलं ते खांबेट्यांनी, आणि त्या बिघाडाला स्वतःचं नाव दिलं. त्यांना हसू आलं, पण ते आधी खोकल्यासारखं वाटलं म्हणून मच्छिंद्रांनी पाणी आणून दिलं.

परतताना नीरजा म्हणाली, “सर, मी कुणाला बोललेली नाही. तुम्ही ठरवा. एकोणतीसला तुमचा निरोपसमारंभ आहे.”

त्यात गर्भित असलेली सोय खांबेट्यांना समजली. गप्प राहायचं, शाल-श्रीफळ घ्यायचं, घरी जायचं. एप्रिलमध्ये नीरजा एक ‘सुधारणा’ करील. पण बारा मार्चला तिकडे पाती ठरणार होती. चुकीच्या गुणांकावर ठरलेली पाती इंजिनात बसतील आणि ती इंजिनं तीस वर्षं कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावरून जातील. मेव्हणी म्हणेल, तुमचं विमान गेलं. आणि ते पहिल्यांदाच खरं असेल.

रविवारी दुपारी त्यांनी सुहासिनी मॅडमना पत्राचा मसुदा लिहिला. ‘नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीच्या प्रकाशात सदर गुणांकाच्या उपयुक्ततेबाबत फेरविचार होणे इष्ट ठरेल.’ वाक्य त्यांना आवडलं. हेमाने शेंगा सोलता सोलता ते वाचलं.

“यात चूक कुणाची झाली ते कुठे आहे?”

“ते अध्याहृत आहे.”

“छत्तीस वर्षं पेपर तपासले मी. अध्याहृत उत्तराला मार्क देत नाहीत.” तिने कागद परत दिला. त्यावर शेंगेचं एक टरफल होतं. “आणि अहो, एवढं काय घाबरायचं? तुम्ही बरोबर असताना तरी कुणाला कळत होतं?”

हे सांत्वन होतं. हेमाकडे याहून मऊ सांत्वन मिळत नसे.

सोमवारी त्यांनी सुहासिनी मॅडमना सरळ सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि मग कपाळाला हात लावला. “अहो खांबेटे सर, तुमच्या स्मृतिचिन्हावर गुणांक कोरून झालाय हो!”

बारा मार्चला पडद्यावर परदेशातले पाच चेहरे होते. खांबेट्यांनी दोन रात्री घोकलेलं बोलून दाखवलं: हा गुणांक म्हणजे आमच्या मोटारीच्या थंडाव्याच्या पंख्याचा आवाज आहे, चूक माझी आहे, तुमची उपकरणं बरोबर होती, पत्राबद्दल क्षमस्व. मग ते थांबले. निदान कुणी खुर्चीत सरसावून बसेल, कुणी दुःखाने मान हलवील, अशी त्यांची अपेक्षा होती. पलीकडचा एक तरुण माणूस काहीतरी टिपून घेत होता. त्याने विचारलं, “ठीक आहे. तो गोणपाटाचा आठवडा पाठवाल का? आणि वरच्या टोकाला फरक का पडतो?”

“ते आम्हाला माहीत नाही,” खांबेटे म्हणाले. असं उत्तर त्यांनी अकरा वर्षांत दिलं नव्हतं. ते फारच छोटं होतं.

नीरजाने कॉम्प्युटरवर १.३७ खोडून तिथे १ लिहिला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. खांबेट्यांना किंचित अपमान झाल्यासारखं वाटलं. आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक, आणि ती दुरुस्त करायला एक कळ पुरली.

एकोणतीस तारखेला शाल, श्रीफळ, भाषणं झाली. स्मृतिचिन्ह म्हणजे लाकडी फळीवर बसवलेलं एक खरं पातं, आणि खाली पितळी पट्टीवर कोरलेलं: ‘खांबेटे गुणांक १.३७’. ते देताना सुहासिनी मॅडम भिंतीकडे पाहत होत्या. मच्छिंद्र इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ती फळी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

“सायेब, ह्यो आकडा कशाचा?”

“तुमच्या मागल्या पंख्याचा.”

मच्छिंद्रांनी थोडा विचार केला. “मंग माज्याकडंच ऱ्हाऊ द्या की. लावतो तितंच.”

“देतो,” खांबेटे म्हणाले, आणि दिली नाही. पिशवीत घालून घरी घेऊन गेले. सहा महिने ती कपाटावर उभी होती. पुसायला गेलं की नाव आधी दिसे, आकडा मागून. निवृत्त माणसाला सकाळी दहा वाजता पाहायला काहीतरी लागतं, असं ते स्वतःला सांगत. हेमा कपाट पुसताना तेवढी जागा सोडून पुसे.

ऑक्टोबरमध्ये खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी फळी कपाटावरून काढली, कापडी पिशवीत घातली आणि धायरीची बस पकडली. शेडवर माळा तयार होत्या. मच्छिंद्रांनी काही न विचारता फळी घेतली, मोटारीच्या मागल्या पंख्याच्या जाळीला तारेने घट्ट बांधली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि एक झेंडू खोचला. पाकळ्यांखाली ‘खांबेटे’ झाकलं गेलं. ‘१.३७’ तेवढं उरलं. खांबेट्यांचा हात फूल सरकवायला पुढे झाला होता. तो त्यांनी नमस्काराकडे वळवला.

मेन स्विच पाडलेला होता. सगळीकडे शांत होतं.

“आज मोजायचं न्हाई व्हय?” मच्छिंद्रांनी विचारलं.

“नाही. नीरजाताई आता कामाच्या दिवशी मोजतात. मोटार चालू ठेवून.”

“मंग आज काय करायचं?”

खांबेट्यांनी जरा वेळ कान देऊन पाहिलं. त्या शांततेत खरोखरच काही नव्हतं. किती बारकाईने अकरा वर्षं त्यांनी ती मोजली होती.

“पेढा द्या,” ते म्हणाले. “आणि तुमच्या त्या वहीत शेरा लिहा. साहेब आले होते.”

मच्छिंद्रांनी वही उघडली, पेन झटकलं, आणि तारखेपुढे लिहिलं, ‘वरीलप्रमाणे.’